आमच्या गुऱ्हाळावरचं हट्टी पोर

भूक लागली की रडून घर डोक्यावर घेणारी पोरं घरोघरी असतात. बहुतेकांना वेळेवर घास मिळाला की काम भागतं. हे मी लिहितो आहे ते उरलेल्या एखाद्या पोरासाठी आणि त्याच्या आईबापांसाठी. मी डॉक्टर नाही. बारामतीजवळ माळेगावच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ होतं आणि माझा उभा जन्म गूळ करण्यात गेला. आजाराचं शास्त्र मला सांगता येणार नाही. आमच्या घरात काय झालं ते मात्र सांगता येईल. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट आहे.

ताट लाथाडणारं पोर

बाळू आमचा पहिला मुलगा. आईच्या अंगावर पीत होता तोवर गुटगुटीत, हसरा. ते दूध तोडलं, वरचं अन्न सुरू झालं आणि पोर पार बदललं. भूक लागली की आधी कुरकुरायचं, मग किंचाळायचं, मग जमिनीवर पालथं पडून डोकं आपटायचं. कपाळावर टेंगूळ कायमचं. भूक लागलीय हे आंधळ्यालाही कळावं, आणि जेवण पुढं केलं की हा लाथ मारायचा. दुधाची वाटी उडवायचा, भरवणाऱ्याच्या बोटाला चावायचा. भुकेनं रडणारं पोर अन्नच ढकलायला लागलं की माणसं एकच शब्द वापरतात. हट्टी.

“बापावर गेलाय,” माझी आई सांगायची आणि वर हसायची. मलाही त्यात थोडा अभिमानच वाटायचा.

आमच्या घरात गुळाशिवाय घास नव्हता. दुधात गूळ, कुस्करलेल्या भाकरीत गूळ, भाताच्या पेजेवर काकवीची धार. दारात कुणीही आलं तरी पाण्याच्या तांब्याआधी गुळाचा खडा पुढं यायचा. गुऱ्हाळ असलेल्या घरात लेकराला फिक्कं दूध देणं म्हणजे त्याचे हाल करणं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यामुळं बाळूचा थयथयाट सुरू झाला की घरातलं जे कुणी जवळ असेल ते धावत जाऊन गूळच आणायचं. भुकेल्या जिवाला लगेच आधार येतो तो गुळानं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

बाळू दात आवळायचा. मग दोन्ही गालांना बोटं लावून तोंड उघडायचं, खडा जिभेवर ठेवायचा आणि विरघळेपर्यंत ओठ मिटून धरायचे. हे काम बहुतेक वेळा त्याच्या आईकडं, म्हणजे गजराकडं. मी सगळा हंगाम उसाचा रस आटवत काहिलीपाशी. घरी यायचो तेव्हा पोर गप पडलेलं दिसायचं, आणि मला वाटायचं, चला, शांत झालं.

“गप न्हाय पडत त्यो,” एकदा गजरा म्हणाली. “हात लावून बगा. समदं अंग गार पडलंय. घाम बगा कसा सुटलाय.”

खरंच कपाळ ओलं होतं आणि डोळे अर्धवट उघडे होते. थोड्या वेळानं तो ओकला, मग झोपला, मग उठला तो पुन्हा भुकेला. पुन्हा किंचाळणं, पुन्हा गूळ.

“उनाचं हुतं तसं,” आई म्हणाली. “गुळानं आधार आला म्हून तर निजलं लेकरू.”

पावसाळा गेला तोवर बाळूचं पोट पुढं आलं होतं आणि हातपाय चिपाडासारखे झाले होते. त्याच्या बरोबरीची पोरं अंगणभर धावत होती आणि हा उंबऱ्याला धरून उभा राहायचा. दृष्ट काढून झाली. अंगारा लावून झाला. बारामतीच्या डॉक्टरांनी जंत असतील म्हणून लाल औषधाची बाटली दिली. ते औषध गोड होतं. बाळूनं पहिलाच चमचा माझ्या सदऱ्यावर उडवला.

पळसदेवचा मुक्काम

गजराचं माहेर इंदापूर तालुक्यात पळसदेवला, भीमेच्या काठी. तेव्हा धरण नव्हतं. नदी आपल्या पात्रात वाहायची आणि गावाची जमीन सगळी कोरडवाहू. जोंधळा, थोडीफार कडधान्यं, नदीचे मासे. गूळ विकत आणायचा तो सणापुरता. दिवाळीला गजरा पोराला घेऊन तिकडं गेली आणि थोडे दिवस म्हणता म्हणता बरीच राहिली.

मी आणायला गेलो तर अंगणात बाळू चालत होता. कोंबडीच्या मागं. गालाला रंग आला होता. मामीनं ताटलीत फिक्कं दूध आणि भाकरी कुस्करून दिली, तर माझ्या देखत त्यानं ती स्वतःच्या हातानं खाल्ली आणि ताटली चाटली. मी बघतच राहिलो. आनंद झाला हे खोटं नाही, पण त्याच्या मागोमाग लाजही वाटली.

मेहुणे रामभाऊ, गजराचे थोरले भाऊ, मितभाषी माणूस. पान लावता लावता म्हणाले, “दाजी, राग मानू नका. एक इचारू?”

“इचारा की.”

“पोरगं तिकडं उपाशी ऱ्हातं का?”

“आमच्या घरी? अवो, आमच्या दारातनं येणाराजाणारा खाऊन जातो.”

“येणाराजाणारा खातोय त्ये म्हाईत हाय मला. मी पोराचं इचारतोय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जेवणाचं पान वाढलेलं होतं, ते तसंच ठेवून मी उठलो. गजराला म्हटलं, बांध गाठोडं. ती भावाकडं बघत राहिली आणि भाऊ खाली बघत राहिला. भिगवणला गाडी बदलून बारामतीला येईपर्यंत गजरा माझ्याकडं पाठ करून बसली होती. बाळू मात्र माझ्या मांडीवर बसून खिडकीतून बैल दाखवत होता.

घराच्या दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नातू एवढा सुधारून आलेला बघून तिचे डोळे भरून आले. “माज्या राजाचं तोंड गोड करू दे गं,” असं म्हणत तिनं त्याच्या तोंडात गूळ घातला. नव्या हंगामाचा पहिलाच गूळ होता, मी केलेला. बाळू असा किंचाळला की शेजारची माणसं बाहेर आली.

“मामानं पार लाडावून ठिवलंय,” आई म्हणाली.

दिवेलागणीच्या आत त्याचे डोळे फिरले. हातपाय ताठ झाले आणि तोंडातून फेस यायला लागला. गजरानं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि ओरडून म्हणाली, “बैल जुपा!” लग्न झाल्यापासून तिनं मला असा हुकूम पहिल्यांदाच दिला होता.

दौंडपर्यंत

बारामतीच्या डॉक्टरांनी सुई टोचली, तेव्हा त्याचं आखडलेलं अंग सैल पडलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, काळीज, म्हणजे यकृत, सुजलंय, हे माझ्या आवाक्यातलं नाही, पुण्याला न्या. त्यांनी उगाच धीर दिला नाही याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानतो.

सकाळच्या छोट्या गाडीनं दौंड, तिथून पुण्याची मोठी गाडी. आजवर गाडी गाडीसारखी चालते असं वाटायचं. त्या दिवशी ती प्रत्येक ठेसनावर विनाकारण थांबते आहे असं वाटलं. बाळू शुद्धीवर होता पण हलत नव्हता. दोन वर्षांचं पोर रडत नाही म्हणजे काय असतं ते मला त्या डब्यात कळलं. इतके महिने ज्या रडण्याला वैतागलो होतो, त्यासाठी मी तिथं नवस बोललो.

गजरा म्हणाली, “ह्येचं काय वाईट झालं तर मी माळेगावला येनार न्हाय.”

ती खरंच येणार नव्हती, हे मला कळत होतं.

वॉर्ड

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोरांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. लोखंडी खाटा, फिनेलचा वास आणि रडण्याचा कालवा. आईला जवळ राहू द्यायचे, बापानं भेटीच्या वेळेला यायचं. मी बाहेर पिंपळाच्या पारावर बसायचो. तिथं माझ्यासारखे पुष्कळ होते. कुणी कुणाला पोराबद्दल विचारायचं नाही, पण चूळ भरायला पाणी आणि चिमूटभर तंबाखू न मागता मिळायची. एवढ्यावरही माणूस तगतो.

बाळूच्या हाताला फळी बांधून बाटलीतलं पाणी नसेतून चढवलं. ग्लुकोज म्हणतात असं कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला ओळखलं. माझ्या मिशीला हात लावला. मला वाटलं, संपलं, आता घरी जायचं.

मग त्याला तोंडानं खायला सुरू केलं. आजारी पोरांना तिथं साबुदाण्याची गोड खीर मिळायची. नर्सबाई प्रेमळ होत्या. बाळूनं पहिल्याच घासाला वाटी भिरकावली, ती शेजारच्या खाटेवर जाऊन पडली. “काय हट्टी मुलगा आहे!” असं म्हणत त्यांनी दुसरी वाटी आणली आणि मोठ्या मायेनं, नाक धरून, निम्मी पोटात घातली. भेटीची वेळ झाली म्हणून मी वर गेलो तेव्हा बाळू पुन्हा गार पडला होता, घामानं उशी भिजली होती, आणि गजरा भिंतीला टेकून नुसती बघत होती.

वॉर्डच्या मुख्य डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी पुन्हा ग्लुकोज सुरू केलं आणि मला विचारलं, “हे कशानं होतं याला?”

“भुकेनं,” मी म्हणालो. “भूक सोसत न्हाय त्याला, बाई. लई हट्ट करतो, आन् मग असा पडतो.”

“भुकेनं न्हाय,” गजरा म्हणाली.

मी तिच्याकडं रागानं पाहिलं. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं खोडायचं म्हणजे काय! पण ती माझ्याकडं बघतच नव्हती.

“बाई, ह्यो गोडानं पडतो. पळसदेवला माज्या माहेरी गोड न्हाय, तितं ह्यो येकदाबी पडला न्हाय. भूक लागायची, रडायचा, भाकर खायचा, गप व्हायचा. घरी येऊन गूळ खाल्ला आन् फिट आली. आज खीर खाल्ली, आज पडला. त्यो अन्नाला लाथ मारत न्हाय. त्यो गोडाला लाथ मारतो.”

मी हसलो. खोटं कशाला सांगू, तोंडातून हसूच आलं. “गुळानं कुणाला काय हुतंय? बाई, आमच्यात बाळंतिणीला गूळ देत्यात. मी सोता गूळ करतो. भेंडीच्या पाण्यानं मळी काढतो, कसली भेसळ न्हाय.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि गजराला म्हणाल्या, “पुन्हा सांगा. पहिल्यापासून. मधे कुणी बोलू नका.” हे शेवटचं माझ्यासाठी होतं.

धरा

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. असा रोगी मी पाहिलेला नाही, पण अशा काही मुलांबद्दल वाचलं आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. खात्री करायची तर एकच वाट होती. बाळूला उपाशीपोटी थोडं साखरेचं पाणी द्यायचं, रक्त तपासत राहायचं आणि काय होतं ते पाहायचं.

“तो पडेल?” मी विचारलं.

“तुमच्या बायकोचं म्हणणं खरं असेल तर पडेल. मी जागची हलणार नाही. सुई भरून हातात ठेवीन. पण धोका नाही असं मी सांगणार नाही.”

“आन् न्हाय केलं तर?”

“तर कुणीतरी मायेनं त्याला गोड देत राहील,” त्या म्हणाल्या, “आणि एकदा तो उठणार नाही.”

सकाळी खोलीत आम्ही तिघं, डॉक्टरीणबाई आणि नर्सबाई. बाळू रात्रीपासून उपाशी. वाटी बघितल्याबरोबर त्यानं मान फिरवली आणि किंचाळायला लागला. कुणीतरी धरायला हवं होतं. सवयीनं सगळ्यांनी गजराकडं पाहिलं.

तिनं हात पदरात घेतले. “मी लई धरलंय,” ती म्हणाली. “आता तुमी धरा.”

मी धरलं. मांडीवर घेतलं, एका हातानं त्याचे दोन्ही हात आवळले आणि दुसऱ्या हातानं गालांना बोटं लावली. त्याचा जबडा लोखंडाचा असल्यासारखा होता. एवढ्याशा पोरात एवढं बळ कुठून येतं? तो माझ्या डोळ्यांत बघत होता. त्या बघण्यात हट्ट नव्हता. तो भ्यायला होता, आणि मला भ्यायला होता. घोट गेला तेव्हा मला माझ्याच हातांची शिसारी आली.

मग वाट बघणं. आधी त्यानं रडायचं थांबवलं. मला ते चिन्ह आता कळत होतं. मग ओठ पांढरे पडले. मग मानेवर घाम आला आणि माझा सदरा भिजला. बाईंनी बोटातून रक्त घेतलं, पुन्हा घेतलं. “बाई, पुरं,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “अजून थोडं.” गजरा देवाचं नाव घेत नव्हती, रडत नव्हती, ती फक्त त्याच्या छातीकडं बघत होती, वर होतेय की नाही. त्याची मान माझ्या दंडावर लुळी पडली आणि मी ओरडलो, “बाई!”

त्यांनी सुई नसेत घातली. ती रिकामी होता होता बाळूच्या पापण्या हलल्या. मग तो रडला. आधी बारीक, मग मोठ्यानं.

“काय दिलं?” मी विचारलं.

“ग्लुकोज. तीही साखरच आहे.”

“साखर?”

“ही वेगळी. ही त्याला चालते. तुमची नाही चालत.” मग त्यांनी समजेल असं सांगितलं. उसाची साखर, गूळ, मध, फळं यांत जी गोडी असते ती त्याच्या काळजाला पचत नाही. ती पोटात गेली की अंगातली कामाची साखर खाली पडते, म्हणून घाम, म्हणून झटके, म्हणून पुन्हा ती आग लागल्यासारखी भूक. दूध चालेल, भाकरी, भात, मासे, अंडी चालतील. गोड कधीच नाही.

“मोठा झाला म्हंजे?”

“तरीही नाही.”

गजरा तेव्हा रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

माळेगाव

घरी येऊन आईला सांगितलं तर तिला पटेना. गोडाशिवाय लेकरू वाढेल कसं, देवाचा प्रसाद खायचा नाही म्हणजे काय, शहरातल्या बाईला आमचं काय कळतं. मी तिच्याशी तावातावानं भांडलो. गजरा भांडली नाही. तिनं आईच्या मांडीवर बाळूला बसवलं आणि म्हणाली, “आत्याबाई, ह्येला मीठ लावून भाकर तुमीच भरवत जा. माज्या हातानं खातो, पर तुमच्या हातानं जास्त खाईल.” आईनं भरवलं. तो खाऊ लागला, आणि पुढं आईच त्याची राखणदार झाली. तिच्या राज्यात त्याच्या दुधात गूळ पडायची कुणाची टाप नव्हती.

पळसदेवला जाऊन मी रामभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी चुकीचं इचारलं.” मी म्हटलं, बरोबर विचारलं होतं. त्या दिवशी जेवूनच उठलो.

भीती मात्र गेली नाही. गाव एवढं मोठं, माणसं एवढी मायाळू, आणि आमचं घर गुऱ्हाळाचं. कोण कधी काय तोंडात घालेल याचा नेम नव्हता. पुढच्या हंगामात बाळू गुऱ्हाळावर हट्टानं यायचा आणि मी काहिलीत झारा फिरवता फिरवता मान वळवून त्याला शोधत राहायचो. गूळ बिघडायचा तो त्यामुळं.

एक दिवस कऱ्हाटीहून आईचे चुलते आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. काहील उतरायच्या बेतात होती, रसाचं आधण फुलून आलं होतं, आणि ऊस पिळणाऱ्या चरकाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. वर पाहिलं तर तात्यांनी बाळूला उचलून घेतलं होतं आणि ढेपेचा मऊ तुकडा त्याच्या ओठांशी नेला होता. मी ओरडलो. त्यांनी हसून हात हलवला. मी झारा टाकला आणि धावलो. काहिलीचं काय व्हायचं ते होवो.

मी पोचायच्या आत बाळूनं तात्यांच्या पागोट्याला हिसका मारला, हाताला चावला आणि घसरून थेट चिपाडांवर जाऊन पडला. पालथा होऊन हातपाय आपटत असा किंचाळला की चरकाचे बैल थांबले आणि सगळे गडी उभे राहून बघायला लागले. मी त्याला उलथा केला, तोंड उघडलं, जिभेखाली बोट फिरवलं. काही नव्हतं. एक कणही नव्हता. तो रडत होता, लाल झाला होता, कपाळ कोरडं होतं.

तात्या पागोटं सावरत, चावलेलं बोट चोळत म्हणाले, “शंकर, लई हट्टी हाय रं तुजं पोर.”

“व्हय, तात्या,” मी म्हणालो. “लई हट्टी हाय. तसंच ऱ्हाऊ द्या.”